भटूचा पाय ब्रेकवरच होता

सुकदेवच्या हातचा रंग माझ्या तोंडावर एकोणीस वर्षं होता. आमच्या तमाशाच्या फडात मी राजा व्हायचो, कधी दरोडेखोर, आणि एकदा ऐन यात्रेत बाई तापाने फणफणली म्हणून राणीसुद्धा झालो. दर वेळी मला तसं करणारा माणूस एकच. कनातीच्या आत पत्र्याच्या पेटीवर मला बसवायचा, हनुवटी दोन बोटांत धरायचा आणि म्हणायचा, "राजे, आता बोलू नका. मिशी वाकडी झाली तर राज्य जाईल." फडाचे पडदे त्याचे, रथाची चाकं त्याची, पुठ्ठ्याच्या तलवारीवरची चांदी त्याची. गॅसबत्तीच्या उजेडात ती चांदी इतकी खरी दिसायची की पुढच्या रांगेतली माणसं मान मागे घ्यायची.

फड मोडला. मी धुळ्याला देवपुरात मुलाच्या घरी आलो. सुकदेव पारोळ्याजवळच्या आपल्या गावी गेला, चार एकर शेताकडे आणि रत्नाकडे. शेताकडे म्हटलं, पण ते शेत खरं तर रत्नाचंच होतं. हा गावोगाव पडदे रंगवत हिंडत होता तेव्हा पेरणी तिने केली, निंदणी तिने केली, ललितला शाळेत तिने घातलं. फडात ती कधी आली नाही. सुट्टीत तो घरी गेला की त्याचे रंगाने बरबटलेले कपडे दगडावर आपटायची आणि मी सोबत असलो तर मला ऐकवायची, "तुमना राजाना रंग मन्हा लुगडाले लागना, भाऊ. राज्य तुमनं, धुनं मन्हं."

बैल म्हातारे झाले, विकले गेले. चार वर्षांपूर्वी सुकदेवने छोटा ट्रॅक्टर घेतला. अठरा एचपीचा, कपाशीच्या दोन ओळींमधून जाणारा. मोठ्या ट्रॅक्टरवाल्या गावात तो आला तेव्हा पारावरून कुणी तरी ओरडलंच, "नाना, पोरगासाठे खेळनं लई उनात का?"

उत्तर रत्नाने दिलं. "खेळनंच शे. पन तुन्हा बैलनामायक कडबा खात नही."

सुकदेवचे गुडघे गेलेले. त्यामुळे ट्रॅक्टर चालवायचा भटू. भटू त्यांच्याच गल्लीतला, चाळिशीतला, बारीक अंगाचा. फुलावर आलेल्या कपाशीतून तो ट्रॅक्टर न्यायचा आणि एक फांदी मोडायची नाही. संध्याकाळी प्यायचा, हेही गावाला ठाऊक. दिवसा स्टिअरिंगवर असताना त्याने कधी घेतली नाही, हे मात्र फक्त रत्नाला ठाऊक होतं, कारण दुपारची भाकर तो तिच्या हातची खायचा.

आता पोळ्याचं सांगतो. बैल गेले म्हणून पोळा थोडाच जातो? आता बैलांच्या मागे ट्रॅक्टरही मारुतीला जातात. कुणी हार घालतं, कुणी फुगे बांधतं. सुकदेवचा ट्रॅक्टर बघायला मात्र शेजारच्या गावातून माणसं येत. आदल्या सकाळी तो धुऊन घ्यायचा आणि ऑइलपेंटचे डबे उघडून बसायचा. बॉनेटवर काजळ घातलेले दोन डोळे, मडगार्डवर मोर, चाकाच्या तव्यावर कमळ. गुडघे वाकत नसताना पाट घेऊन मागच्या बाजूला बसायचा आणि सीटखालच्या गिअर पेटीवर घुंगरांची माळ काढायचा, जिथे कुणाचं लक्षही जाणार नाही. मी एकदा म्हणालो, "अरे, तिथे कोण बघतंय?" तर म्हणाला, "राजे, बैल शिंगापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत रंगवतात. अर्धा रंगवलेला बैल दारात उभा करू का?" दर वर्षी जुन्या रंगावर नवा रंग. एका वर्षी पिवळा, मग राणी, मग हिरवा, यंदा निळा.

गेल्या वर्षी मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला ऑइल दिसू लागलं. धुळ्याच्या शोरूमला फोन केला. चार दिवसांनी मोटारसायकलवर त्यांचा मेकॅनिक आला, सील गेलंय म्हणाला, नवं बसवलं. जाताना कार्डावर सही घेतली. कार्ड कोरंच होतं. मजकूर ऑफिसात भरतो, म्हणाला. आणि हात जोडून विनवलं, "नाना, कंपनीचा फोन येईल. दहापैकी दहा सांगा. नऊ सांगितले तरी माझा पगार कापतात." फोन आला. सुकदेवने दहा दिले. सहा महिन्यांनी ऑइल पुन्हा दिसलं. पुन्हा तोच मेकॅनिक, पुन्हा सील, पुन्हा कोरं कार्ड, पुन्हा दहा. सील का फुटतंय, हे ना त्याने शोधलं ना कुणी त्याला विचारलं.

यंदा पोळ्याच्या आठवड्यात तिसऱ्यांदा ऑइल आलं, या वेळी दोन्ही चाकांना. शोरूममधली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, सणाच्या सुट्ट्या आहेत, सोमवारी माणूस पाठवते." ट्रॅक्टर चालत होता. अंगणात ब्रेक लागत होता. ऑइल ब्रेकपर्यंत जातं, हे सुकदेवला कुणी सांगितलेलं नव्हतं. मारुतीला जाऊन ट्रॅक्टर परत आला आणि सोमवारी मेकॅनिक आला नाही म्हणून मंगळवारी कोळपणीला गेला. पाऊस उघडला होता, वाफसा आला होता, तण वाढत होतं. शेत कुणाची वाट बघत नाही.

सुकदेवचं शेत नाल्याकडे उतरतं. भटू चढाला लागला होता, मागून रत्ना. कोळप्याच्या दातांत गवत अडकलं की भटूने थांबायचं आणि तिने वाकून ते ओढून काढायचं, असं चार वर्षं चाललं होतं. त्या दिवशीही तिने हाक दिली, भटूने क्लच दाबला, ब्रेक दाबला, ती वाकली. ट्रॅक्टर मागे आला. मागे दगडी बांध होता. इतकंच. कोळपं आणि बांध यांच्या मधे ती सापडली. दवाखान्यापर्यंत नेण्याचा प्रश्न आला नाही.

भटू धावत खळ्यातल्या झोपडीकडे गेला. तिथे पोळ्याची अर्धी बाटली त्याने लपवलेली होती. ती त्याने उभ्याने तोंडाला लावली. माणसं धावून आली तेव्हा तो परत ट्रॅक्टरपाशी येऊन बसला होता आणि त्याच्या तोंडाला वास येत होता. मग कुणाला काय विचारायचं उरलं? सुकदेव काठी टेकत आला, रत्नाकडे बघितलं, पायातली चप्पल काढली आणि गावादेखत भटूच्या तोंडावर मारली. एकदा नाही, चारदा.

मी तिसऱ्या दिवशी पोचलो. अंगणात माणसं बसलेली. भटू दूर, गुरांच्या हौदाजवळ, एकटा. कुणी त्याला पाणीही विचारलं नव्हतं. मला बघताच येऊन पाय धरले.

"आबा, मन्हा पाय बिरेकवरच व्हता. दाबेल व्हता. थांबनाच नही तो."

"आणि दारू?"

"मंगे पिधी. रत्नाबहिनले तसं देखं, मंगे पिधी. पहिले एक थेंब नही. कोन मानी, आबा?"

खरंच, कोण मानेल? मी उभं आयुष्य खोट्या शपथा घेण्यात घालवलं आहे, खोट्या माणसाचा आवाज मला कळतो. हा तसा नव्हता. पण अंगणात माझं ऐकणारं कोण? रत्नाचा थोरला भाऊ उखर्डू अमळनेरहून आला होता. जाडजूड माणूस, रडून डोळे सुजलेले. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "गंधमुक्ती होऊ दे. त्या दिवशी पंगत उठली की मी आणि ललित थेट पोलिसात जाणार. दारू पिऊन बाई मारली, असं लिहून देणार. याला आत घातल्याशिवाय मी बहिणीच्या नावाचं पाणी सोडणार नाही." ललित पुण्याहून आलेला, मुंडण केलेला, भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान हलवली. गंधमुक्ती म्हणजे तेरावा दिवस. हातात दहा दिवस होते.

सुकदेवने मला घरात बोलावलं. "राजे, भटू म्हणतो ब्रेक लागला नाही. मला त्याचं खरं वाटत नाही. पण खोटं असेल तर तेही कळू दे. मला सुतक आहे, मी बाहेर पडू शकत नाही. तुम्ही धुळ्याचे. जाऊन विचारा, ब्रेक असा जाऊ शकतो का?"

मी गेलो. शोरूम चकचकीत, काचेच्या दारामागे गार हवा, मधोमध फुगे बांधलेला नवाकोरा ट्रॅक्टर. सर्व्हिस मॅनेजर तिशीतला, टाय लावलेला. मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्याला सगळं सांगितलं, आणि कसं सांगितलं म्हणता! आवाज चढवला, उतरवला, जिथे थांबायचं तिथे थांबलो. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने टायपिंग थांबवलं. मॅनेजरने मान खाली घातली.

"फार वाईट झालं, आजोबा."

"मग मला लेखी द्या. ब्रेकबद्दल तुमचं जे म्हणणं असेल ते लेखी द्या."

"देतो ना. संध्याकाळपर्यंत त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर येईल."

मी जिंकून आल्यासारखा जिना उतरलो. पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की सदर ट्रॅक्टरची सर्व्हिस वेळोवेळी झाली असून ब्रेक तपासून सुस्थितीत असल्याची नोंद कार्डावर आहे, त्याखाली ग्राहकाची सही आहे, ग्राहकाने दोन्ही वेळा दहापैकी दहा गुण दिले आहेत. सबब अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे झालेला असावा. ललितने ते उखर्डूला वाचून दाखवलं. उखर्डू म्हणाला, "झालं. अर्जाला हाच कागद जोडायचा." आणि माझ्याकडे वळून, "आबा, तुमचे उपकार झाले."

हौदाजवळ भटू बसला होता. त्याच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. ते पत्र मी मागितलं होतं.

सुकदेव मात्र त्या कागदावरच्या सहीशी अडला. "कार्ड कोरं होतं, राजे. मी कोऱ्यावर सही केली. त्यावर ब्रेक तपासला असं आलं कुठून? ब्रेकला तर त्याने हातही लावला नव्हता." मग म्हणाला, "पारोळ्याहून नासीरमिस्त्रीला आणा."

नासीरमिस्त्री साठीचा. ट्रॅक्टर दुरुस्तीत हयात गेलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दहाव्या दिवशी दशक्रिया उरकून लोक पांगल्यावर मी त्याला रिक्षाने आणलं. ट्रॅक्टर शेतातच उभा होता. सुकदेव बांधावर बसला, मी त्याच्या शेजारी. नासीरने मागची चाकं उतरवली, ब्रेकची झाकणं काढली आणि बोट आत फिरवून आम्हाला दाखवलं. बोट काळ्या तेलाने माखलेलं होतं.

"देखो भाऊ. दोन्ही बाजू तेलात बुडाल्यात. सपाटीला धरेल, चढावर नाही धरणार. पोराने दोन्ही पायांनी दाबला असता तरी गाडी मागेच आली असती."

सुकदेवने डोळे मिटले. "म्हणजे भटू खरं बोलतो."

"सोळा आणे खरं."

"मग तेल आत येतं कशाने? दोनदा सील बदललं."

"तेच बघतो." नासीर सीटखाली वाकला. गिअर पेटीवर हात फिरवत राहिला, जणू काही शोधत होता आणि ते जागेवर नव्हतं. मग खिशातला चाकू काढून घुंगरांच्या माळेतलं एक घुंगरू खरवडू लागला. निळा पापुद्रा उडाला, खालून हिरवा निघाला, त्याखाली राणी, त्याखाली पिवळा. आणि पिवळ्याखाली चिंचोक्याएवढी लोखंडी टोपी.

"ही हवेची जागा. पेटी तापली की आतली हवा इथून बाहेर जाते. ही बंद झाली, तर हवा दुसरीकडून वाट काढते. तेलाला ढकलते, सील फोडते. तुम्ही शंभर सील बदला, शंभर फुटतील." तो हसत हसत वर बघून म्हणाला, "रंग द्यायला कोण गाढव बसवलं होतं, भाऊ?"

सुकदेव आपल्या हातांकडे बघत होता. नासीरचं हसू मावळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सुकदेवच्या बोटांकडे. नखांत अजून निळा रंग होता.

"या खुदा," नासीर म्हणाला.

वारा सुटला होता. कपाशीची पानं उलटी होत होती. नासीरने चाकू मिटला, टोपी फडक्याने पुसली आणि हळू आवाजात बोलू लागला. "भाऊ, ऐका माझं. तेल ब्रेकमधे होतं, एवढं मी सांगेन. कुठून आलं ते कशाला सांगायचं? सील खराब होतं. शोरूमवाल्याने खराब सील घातलं. भटू सुटेल. तुमचं नाव कशाला यायला पाहिजे? तुमचं तर घर गेलं आधीच."

खरं सांगतो, मला ते पटलं. मी मान हलवली. ज्याने बायको गमावली त्याने आणखी किती गमावायचं? आणि शोरूमवालेही काही धुतले तांदूळ नव्हते. दोन वेळा येऊन त्या माणसाने ही टोपी शोधली असती, तर रत्ना आज भाकरी थापत असती.

सुकदेव उठला. काठी न घेता ट्रॅक्टरपर्यंत गेला. त्या खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि चारही रंग मोजले. "पिवळा दिला त्या वर्षी तिने मला विचारलं होतं, मागे कशाला रंगवता. मी तिला हसलो." मग नासीरला म्हणाला, "मिस्त्री, गंधमुक्तीला या. ही टोपी काढून घेऊन या."

तेराव्या दिवशी मांडवात दोनशे माणसं होती. गुरुजींचं उरकलं, पंगतीची पानं मांडली जात होती. उखर्डूने अर्ज लिहून खिशात ठेवलेला. तेवढ्यात सुकदेव उभा राहिला. आयुष्यभर मी रंगमंचावर आणि तो पडद्यामागे. चार माणसांत बोलायची त्याला सवय नाही. मी पुढे होणार होतो, त्याने हाताने मला थांबवलं.

"भटूनी पेल नव्हती," तो म्हणाला. मग सगळं सांगितलं, तुटक तुटक. तेलाचं, ब्रेकचं, हवेच्या जागेचं. नासीरने टोपी त्याच्या तळहातावर ठेवली. ती त्याने वर धरली. "हाई मी बुजी. चार पोळा, चार हात रंग. पहिले चप्पल मी भटूले मारी. ती मन्हा तोंडवर पाहिजे व्हती."

मांडवात वाढपी जिथल्या तिथे उभे राहिले. उखर्डू सुकदेवसमोर येऊन थांबला. मला वाटलं मारतो आता. त्याने खिशातला अर्ज काढला, चार तुकडे केले आणि म्हणाला, "मन्ही बहीन रंगमा गई. रंगमा." आणि न जेवता माणसांसकट निघून गेला. ललित उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने बॅग भरली. बापाच्या पाया पडला, पण बोलला नाही. अजून बोलत नाही. महिन्यातून एकदा मला फोन करतो आणि विचारतो, "नाना जेवतात ना?"

शोरूमला मी पुन्हा गेलो, टोपीचं आणि रंगाचं सांगितलं. मॅनेजरचा चेहरा उजळला. "बघा आजोबा, म्हणजे ग्राहकाचीच चूक निघाली. आणि मशीन बाहेरच्या मिस्त्रीने उघडलंय, त्यामुळे वॉरंटीही संपली." मी विचारलं, तुमच्या माणसाने दोनदा काय बघितलं? तो म्हणाला, कार्डावर सगळं आहे. या वेळी मी आवाज चढवला नाही. काचेचं दार ढकलून बाहेर आलो.

आणि भटू? पोलिसात कुणी गेलं नाही, एवढंच. गावाला रंगापेक्षा दारू समजायला सोपी. पारावर अजून म्हणतात, सुकदेवनाना भोळा, त्याने भटूला वाचवलं. आजवर चार घरचे ट्रॅक्टर चालवणाऱ्या भटूला त्या हंगामात कुणी चावी दिली नाही. तो सुरतेला जायचं म्हणत होता.

नासीरने नव्या टोपीसकट ट्रॅक्टर नीट करून दिला. ब्रेकही नवे बसवले. सुकदेवने पत्र्याने खरवडून आणि थिनरच्या फडक्याने मोर पुसले, डोळे पुसले, सगळा ट्रॅक्टर मूळच्या लाल रंगावर आणला. मग भटूच्या दारात जाऊन उभा राहिला. मी तिथेच होतो.

"चल. कपाशी तणमा गई."

"नाना, मी नही बसस."

"तू नही बसना, ते गाव म्हनी तू पेल व्हता. चल."

"मांगे कोन ऱ्हाई?"

"मी."

भटूची बायको दारात येऊन रडायला लागली. भटूने चावी घेतली.

त्या सकाळी मी बांधावर बसून बघितलं. आजूबाजूच्या शेतांत निंदणाऱ्या बायकाही उभ्या राहून बघत होत्या. खाली नाल्यापासून ट्रॅक्टर चढाला लागला, मागून सुकदेव काठी टेकत. अर्ध्या चढावर कोळप्यात गवत अडकलं. सुकदेवने हाक दिली. भटूने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला, इंचभरही हलला नाही. पण भटू मागे वळून ओरडला, "नाना, वाकू नका!" त्याने हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमधे टाकून बंद केली, खाली उतरला. बांधावरून मोठा दगड उचलून आणला आणि मागच्या चाकाला लावला. मग दुसऱ्या चाकाला दुसरा. पायाने दाबून बघितले.

दर वेळी तो असंच करतो. एका ओळीत पाच वेळा गवत अडकलं तर पाच वेळा. दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं. सुकदेव एकदाही त्याला घाई कर म्हणत नाही. दोन्ही दगड लागेपर्यंत काठीवर भार देऊन उभा राहतो, आणि मग वाकतो.